बंड्याचे कान

खारघरला आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी कुत्री फिरायला येतात. रंगीत पट्टे, पाण्याच्या बाटल्या, घाण उचलायच्या पिशव्या, सगळा लवाजमा बरोबर असतो. मी बाकावर बसलेली असते. बाकीच्या कुत्र्यांशी माझं काही देणंघेणं नाही, पण एखादा लांब कानांचा स्पॅनियल दिसला की मी उठते, मालकाला विचारते न विचारते, आणि सरळ त्याचा कान उचलून आत नाक नेते. परवा एका मुलीने घाबरून पट्टा मागे ओढला. म्हणाली, “आँटी, काय करताय?” मी म्हटलं, “वास बघतेय. आंबूस आला तर उद्याच डॉक्टरकडे घेऊन जा, परवावर ढकलू नकोस.” तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची आहे. निवृत्त मास्तरीण, डोकं जरा फिरलेलं. असू दे. पण कान हुंगायची ही सवय मला का लागली हे मी आयुष्यात दोनच माणसांना सांगितलं, आणि तेही फार उशिरा. मी नववीत असताना दोनदा खोटं बोलले. पहिल्या खोट्याने एका कुत्र्याचे कान गेले. दुसऱ्याने माझ्या आत्याचं जे गेलं, ते अजून मला नीट सांगता येत नाही. प्रयत्न करते.

आमचं गाव जासईच्या अलीकडे, खाडीला लागून. तेव्हा कंटेनरची यार्डं अजून यायची होती, घरामागे खाजण होतं, ओहोटीच्या चिखलाचा वास होता, आणि हिवाळ्यात बदकं उतरली की सकाळी इतका गलका व्हायचा की आई म्हणायची, बाजार भरलाय बघ. बाबा एका कंपनीतल्या मोठ्या साहेबांची जीप चालवायचे. साहेबांची परदेशी बदली झाली, सामान जहाजाने गेलं, आणि कुत्रा मागे उरला. बाबांनी तो मागितला नव्हता. मेमसाहेब जीपमध्ये मागच्या सीटवर त्याला मांडीवर घेऊन आल्या, आमच्या ओट्यापाशी उतरल्या, त्याला आईच्या हातात देऊन डोळे पुसले आणि एक लिफाफा बाबांना दिला. कुत्र्याचं नाव ब्रँडी होतं. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचा बंड्या केला आणि त्यालाही ते पटलं असावं, कारण त्या हाकेला तो धावत यायचा.

गावात कुत्री खूप होती, पण असा प्राणी कोणी पाहिला नव्हता. मधाच्या रंगाची मऊ, लाटालाटांची केसाळ कातडी, पायांना झालरी, आणि कान तर असे लांब की पाणी प्यायला वाकला की कान आधी पाण्यात जायचे. डोळे ओले, मोठे. ते आपल्यावर रोखले की घास घशाखाली उतरत नसे. पोरं कुंपणाबाहेर उभी राहून विचारायची, “हा चावतो का?” चावणं सोडाच, त्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोललं तरी तो जमिनीला पोट टेकून जागच्या जागी मुतायचा. माझे काका जन्मजात मोठ्या गळ्याचे. तिसऱ्या घरात ऐकू जाईल असं बोलायचे. ओटा दोन-चार वेळा धुवावा लागल्यावर तेही हलक्या आवाजात बोलायला शिकले. त्या वर्षी आमच्या घरात जी शांतता होती ती त्या आधी नव्हती आणि नंतरही राहिली नाही.

आता आत्या. चांगुणा तिचं नाव, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमची. उंच, रुंद हाडाची, फटकळ. तिचे हात पुरुषासारखे मोठे होते आणि गावातलं प्रत्येक मूल त्या हातांतून गेलेलं होतं. बाळ जन्माला आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्याला बोलावणं यायचं. बाळंतिणीला तेल, शेक, बाळाला मालिश, आंघोळ, धुरी. सव्वा महिना ती रोज त्या घरी जायची. त्याबद्दल नारळ आणि लुगडं मिळायचं, पण खरं म्हणजे मान मिळायचा. रस्त्यातून जाताना मिशा फुटलेले बाप्ये तिला बघून बाजूला व्हायचे आणि ती खुशाल म्हणायची, “तुजा मुतलेला लंगोट धुतलाय मी, मना नको शिकवू.” तिच्या पायांवर ठेवलेलं रडकं पोर दोन मिनिटांत गप्प झालेलं मी शंभर वेळा पाहिलंय. ती त्याच्याशी बोलत नसे, गात नसे. नुसते हात फिरवायची आणि पोर डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहायचं.

घरातल्या आम्हा मुलांना रविवारचं तेल हे तिचंच खातं. लोखंडी पळीत खोबरेल, त्यात दोन पाकळ्या लसूण आणि चिमूटभर ओवा. लसूण तांबूस झाला की पळी चुलीवरून उतरवायची, फुंकायची, एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा. मग आम्ही एकेक जण मागच्या पडवीत तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे व्हायचो. तेल कानात उतरलं की आधी गरम वाटायचं, मग सगळं जग दूर गेल्यासारखं व्हायचं, आणि त्या दूर जाण्यात तिचा अंगठा कानामागे गोल गोल फिरत असायचा. मला आजही त्यापेक्षा सुखाचं काही आठवत नाही. माझ्या मुलाच्या डॉक्टरांनी पुढे मला सांगितलं, कानात तेल मुळीच घालू नका. बरोबरच आहे त्यांचं, मीही घातलं नाही. पण आमच्या घरी ती पद्धत होती आणि त्यात माया होती, एवढं मी लिहिणारच.

तर तो लिफाफा. त्यात दोन पानं होती, मेमसाहेबांच्या वळणदार अक्षरात, इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी शिकणारी पहिली मीच. मराठी शाळेतली नववी, म्हणजे पाचवीपासूनचं जेमतेम इंग्रजी, पण गावात माझा तोरा काय विचारता! कोणाकडे तार आली, औषधाची चिठ्ठी आली, सरकारी कागद आला की, “रंजूला बोलवा.” मी जायची, घसा साफ करायची, अर्धं वाचायची, अर्धं अंदाजाने सांगायची आणि चहा पिऊन यायची. त्या अंदाजाने तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. बाबा, आई, आत्या, काका-काकू, शेजारचे चार जण. मध्ये बंड्या, ज्याच्याबद्दल वाचायचं होतं तो, पायांवर हनुवटी ठेवून पडलेला.

काका म्हणाले, “वाच गो मॅडम. दादानी कुत्रा पन इंग्लिश शिकलेला आनलाय.”

पहिलं पान सोपं होतं. दोन वेळा मोजून खायला द्यावं. हा प्राणी पोट भरलेलं असतानाही उपाशी असल्याचं सोंग आणतो, त्याला फसू नये. यावर सगळे हसले. गोड देऊ नये, कोंबडीची हाडं देऊ नयेत. रोज ब्रश करावा, नाहीतर काखेत आणि कानांच्या टोकांना केसांच्या गाठी होतात. जेवताना कान बशीत पडतात म्हणून वर बांधावेत. हे ऐकून आत्याने लगेच जुन्या लुगड्याची किनार फाडून बाजूला ठेवली. मी पान उलटलं. दुसरं पान जवळजवळ सगळं कानांवरच होतं. लांबच लांब वाक्यं. त्यात मला कान समजले, आठवडा समजला, पाणी, कापूस आणि तेल समजलं. बाकी सगळं रान.

मी थांबले. काका म्हणाले, “काय गो, गारी बंद परली?”

मला येत नाही, एवढे तीन शब्द होते. मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगितलं की येत नसेल तर येत नाही म्हणा, मी मारणार नाही. पोरांना वाटायचं, बाई प्रेमळ आहेत. त्या संध्याकाळी ओट्यावर मला कोणी मारणार नव्हतं. नुसतं हसले असते. पण ते हसणं मला नको होतं.

“कानांची काळजी घ्यायची लिहिलंय,” मी म्हटलं. “आठवड्यातून एकदा. कापूस, तेल…”

आत्याचा चेहरा उजळला. एवढ्या अनोळखी कागदात तिला तिचं काहीतरी सापडलं होतं. “तेल घालाचा ना? आपले पोरांना घालतंय मी, तसाच?”

“हो,” मी म्हणाले. “तसंच.”

पुढचे सात-आठ महिने बंड्या आमच्या घरात राजासारखा राहिला. आत्याने त्याला पुरता ताब्यात घेतला. सकाळी पडवीत बसून ती त्याला आईच्या फणीने विंचरायची. खाजणात हिंडून आला की त्याच्या झालरींत कुसळं आणि चिखल भरलेला असायचा. एकेक कुसळ ती बोटांनी काढायची, गाठ सुटली नाही तर अडकित्त्याशेजारी ठेवलेली कात्री घेऊन कापायची. जेवायच्या वेळी लुगड्याची किनार डोक्यावरून घेऊन त्याचे दोन्ही कान वर बांधायची, आणि तो भात आणि सुकटीचं पाणी मान खाली घालून गपागप खायचा. पाण्याचं त्याला वेड. भरती आली की हा खाडीत. ही जात शिकाऱ्यांची, पाण्यात पडलेलं पाखरू तोंडात धरून आणायची, हे आम्हाला कुठे माहीत? पण त्याच्या रक्तात ते होतं. एकदा तो चिखलाने माखून आला आणि आत्यापुढे उभा राहून त्याने तोंड उघडलं. आत बगळ्याचं पिल्लू होतं, ओलं, थरथरणारं, आणि अंगावर दाताची एक खूण नाही. आत्याने ते ओच्यात घेतलं आणि कितीतरी वेळ बंड्याकडे बघत राहिली. “याचे तोंडान पन हातच हाय गो,” ती मला म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात मोठी स्तुती.

आणि दर रविवारी, आम्हा मुलांचं झालं की शेवटचा नंबर बंड्याचा. तो स्वतःच येऊन तिच्या मांडीवर डोकं टाकायचा. ती कान उलटायची, मनगटावर थेंब बघायची, आणि पळीतलं उरलेलं तेल त्याच्या कानात. मग दुसऱ्या. तो डोळे मिटून पडून राहायचा. मी ते बघत होते. मनात कधी शंका आली का? खरं सांगायचं तर आली. त्या पानावरचं ते रान मला अधूनमधून आठवायचं, शाळेत शब्दकोशही होता. पण सगळं छान चाललं होतं, आणि चाललेल्यात हात घालायची मला भीती वाटत होती.

आधी तो डोकं झटकायला लागला. मग कान जमिनीवर घासायला. आत्याला वाटलं, कानात काही गेलंय, तिने तेल वाढवलं. मग वास. आंबलेल्या ताकासारखा, गोडसर, घाणेरडा. आई म्हणाली, खाडीच्या पाण्याचा असेल. मग एका सकाळी आत्याने कानाला हात लावला आणि तो किंचाळला. मुतला नाही, पळाला नाही. तिच्याच मांडीवर पडून किंचाळत राहिला, आणि तिच्या बोटांना पिवळं-काळं काहीतरी लागलं.

बाबांनी त्याला कंपनीच्या जीपमध्ये घातलं. आत्या आणि मी मागे बसलो. पनवेलला जनावरांचे एक डॉक्टर होते, बहुतेक गाई-म्हशी बघणारे. बाहेर बाकावर तीन-चार माणसं बसलेली, त्यांत आमच्या शेजारच्या गावचे दोघे. डॉक्टरांनी कान उलटला आणि तोंड फिरवलं.

“यात कोणी काय घातलंय?”

आत्या पुढे झाली. डॉक्टरांना मदत व्हावी म्हणून, आणि थोड्या अभिमानानेही, ती म्हणाली, “मी घालतंय ना तेल. दर रविवारी. लसून तापवून. एक पन रविवार चुकवला नाय.”

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असाच होता, “हा लोंबता कान. आत वारा जात नाही. तो कोरडा ठेवायचा असतो, पुसून, सुकवून. खाडीत पोहून आला की आधी कान सुकवायचे. आणि तुम्ही त्यात तेल ओतलंत? आतून सगळं नासलंय. याचे कान घालवलेत तुम्ही.”

आत्या एकदम लहान झाली. मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं. “पन कागदान लिवलाय,” ती म्हणाली. “बाईंनी लिवून दिलाय. रंजीनी वाचला.”

“असं कोणी लिहिणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

बाबा माझ्याकडे वळले. “रंजे, काय लिवलेला कागदात?”

इथे मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्या वेळी मला कळत नव्हतं, अशी पळवाट तरी होती. या वेळी मला सगळं कळत होतं. “तेल केसांना लावायचं लिहिलंय,” मी म्हणाले. “बाहेरून. कानात घालायचं मी सांगितलंच नव्हतं. आत्यानेच तसं समजून घेतलं.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती आठवायचा प्रयत्न करत होती. ओट्यावरची ती संध्याकाळ, तिचा प्रश्न, माझं उत्तर. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग हळूहळू गेल्या, आणि मला दिसलं की तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेली होते ना. ओट्यावरचं ते दोन शब्दांचं उत्तर बाबांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. “मंग माजाच ऐकण्यान चुकला असंल,” ती म्हणाली आणि पदराने बोटं पुसायला लागली.

घरी आल्यावर मी शब्दकोश आणला आणि ते दुसरं पान वाचलं. त्यात लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा कोरड्या कापसाने कान पुसावेत, पाणी राहू देऊ नये, आणि कोणत्याही परिस्थितीत आत तेल घालू नये. खाली रेघ मारली होती. मी ती दोन्ही पानं दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. कोणी विचारलं नाही.

औषधाचे थेंब आले, इंजेक्शनं झाली. दुखणं थांबलं, पण ऐकू येणं संपलं. ते आम्हाला कळलं काकांमुळे. एकदा ते नेहमीच्या जुन्या गळ्याने काकूवर ओरडले आणि बंड्या त्यांच्या पायाशी शांत झोपून राहिला. मग काका पुन्हा मोठ्याने बोलायला लागले. आता अडवणारं कोणी नव्हतं.

गोष्ट गावात आली ती बाकावरच्या त्या दोघांकडून, आणि काकांनी तिला मीठमसाला लावला. ते वाईट नव्हते, त्यांना हसवायची हौस होती. “आमचे बहिनीनी कुत्र्याला बहिरा केला, आता तुमचे पोरांना सांभाला!” लोक हसायचे. आत्याही तोंडदेखलं हसायची. त्याच सुमारास आमच्या आळीतल्या नलूवहिनीचं दुसरं बाळंतपण सासरी झालं. नलूवहिनी पनवेलची, कॉलेज केलेली, गोरी, नीटनेटकी. चौथ्या दिवशी आत्या तेलाची बाटली, शेगडी, धुरीचं सामान फडक्यात बांधून निघाली. सामान धरायला मी बरोबर होते. नलूवहिनी दारात आली, बाळ खांद्यावर. ती हसत हसत म्हणाली, “नको हं आत्या. आम्ही नर्सबाई ठरवलीय. तुमच्या तेलाची आता भीती वाटते बाई!” गंमतच होती ती तिच्या लेखी. आत्या म्हणाली, “बरा, बरा,” आणि वळली. घरी येऊन तिने ते फडकं सोडलं, बाटली, शेगडी जागच्या जागी ठेवली. त्यानंतर ती कोणाच्याही बाळंतपणाला गेली नाही. बोलावणी येत राहिली, म्हणजे सुरुवातीला. ती म्हणायची, “माजे हात दुखतान.” मी नववीतून दहावीत गेले, दहावीत पहिली आले, सत्कार झाला. रोज सांगावंसं वाटायचं आणि रोज मी दुसरं काहीतरी सांगायचे.

बंड्या बहिरा झाला तरी आणखी सात-आठ वर्षं जगला. त्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा, मग तो धक्का लागून वळायचा. आत्या त्याला विंचरायची, कान बांधायची, सुकवायची, पण मांडीवर घेत नसे. तो यायचा. रविवारी सकाळी पडवीत येऊन डोकं टेकवायला बघायचा आणि ती पाय जवळ घ्यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एकदा नाही, कितीतरी रविवार. तो गेला तेव्हा मी पनवेलला बीएडला होते. मला पत्राने कळलं.

माझं लग्न झालं, मुलगा झाला. मी आत्याला म्हटलं, ये, माझ्या बाळाला तूच हात लाव. तिने मलाही तेच सांगितलं, हात दुखतात. तेव्हाही मी गप्प बसले. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला तोंड उघडायला आधी या गप्प बसण्याचाच हिशोब द्यावा लागतो, म्हणून आणखी गप्प बसावं लागतं. हे काही शहाणपण नाही, हे फक्त माझ्या बाबतीत झालं तसं सांगते.

पाच वर्षांपूर्वी माझ्या नातीचं बारसं झालं, इथेच खारघरला, क्लबहाउसमध्ये. आत्याला माझ्या भावाने गाडीतून आणलं. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण ताठ. माझ्या सुनेने प्रेमाने बाळ तिच्यासमोर धरलं आणि म्हणाली, “घ्या ना आजी, तुमच्या हातांनी सगळं गाव वाढलंय म्हणतात.” आत्याने दोन्ही हात पदराखाली घेतले. घट्ट. आणि मान हलवली. सून गोंधळली, कोणीतरी बाळ दुसरीकडे नेलं, पेढे फिरले. मी ते हात पदराखाली जाताना बघितले आणि मला तिथे उभं राहवेना.

तिसऱ्या दिवशी मी गावी गेले. आता तिथे जुनं घर नाही, भावाची तीन मजली इमारत आहे, खाली दोन दुकानं. आत्याची खोली पहिल्या मजल्यावर. दुपारची वेळ, ती खिडकीपाशी खुर्चीत बसून जवळा निवडत होती. मी समोर पलंगावर बसले आणि सांगितलं. कागद मला वाचता आला नव्हता. तेल लावायचंही नव्हतं, घालायचंही नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी ‘हो, तसंच’ म्हणाले. डॉक्टरांकडे मी खोटं बोलले. कागद मी जाळला.

तिने निवडायचं थांबवलं. “म्हंजे मी बराबर ऐकलेला?”

“हो.”

“तू ‘तसाच’ बोललेलीस?”

“हो, आत्या.”

“मना वाटला, मी अडानी बाय, शिकलेल्या पोरीचा बोलना मना समजला नाय. कुत्र्याचा समजला नाय तर पोरांचा काय समजंल? म्हनून मी हात लावला नाय गो कुनाला.” तिचा आवाज चढत गेला. “तुजे पोराला नाय लावला. तुजे भावाचे पोरांना नाय लावला. पेटत्या निखाऱ्यागत माजे हात मी दूर धरले. आन तुना ठावं व्हता?”

मी रडायला लागले. ती ओरडली, “रडू नको माज्यासमोर! रडून मोकली व्हशील तू.” तिने जवळा बाजूला सारला. मग म्हणाली, “मना सांगून काय उपेग? नलूला सांग. तिचे दारानून मी परत आलेली. तिना सांग, तेल मना सांगलेला म्हनून घातला. जा.”

मी दुसऱ्याच दिवशी गेले. नलूवहिनी आता कामोठ्याला मुलाकडे राहते, नवव्या मजल्यावर, गुडघे बदललेले. मला बघून खूश झाली, बसवलं, पोहे केले. मी पोह्यांना हात न लावता सगळं सांगून टाकलं. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “कुठला कुत्रा गं? मला काही आठवत नाही. आणि आत्यांना मी नको म्हटलं? छे! मला तर वाटायचं, त्यांचेच हात दुखायला लागले म्हणून त्यांनी सोडलं. धाकट्याला त्यांचा हात नाही लागला याची मला किती हळहळ वाटायची.” ती खरं बोलत होती. मला आतल्याआत हायसं वाटलं, हेही लिहिते. मी तशीच रिक्षाने बसस्टॉपवर आले आणि संध्याकाळच्या आत पुन्हा आत्यासमोर उभी राहिले.

“आत्या, तिला आठवतच नाही. कुत्राही नाही, नको म्हटलेलंही नाही. तिच्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतंच.” मी हे आनंदाने सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“तिना याद नाय,” ती म्हणाली. “मना हाय.”